वैनगंगेकाठचे पवार, आणि बाकीचे पवार

बालाघाट लोकसभा मतदारसंघातून 2014 साली बोधसिंह भगत निवडून आले, 2019 साली ढालसिंह बिसेन आणि 2024 साली भारती पारधी. भगत, बिसेन, पारधी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही तीन समाजांतली तीन माणसं वाटतील, आणि शेवटच्या नावापाशी तर तो हमखास थबकेल. बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीच्या बाजारात मात्र कुणीही सांगेल की तिघेही पवार. कुणी 'पोवार' म्हणेल, हिंदीत लिहिणारा 'पंवार' लिहील, पण माणसं तीच. इथे पवार हे आडनाव नाही, समाज आहे. आडनावाच्या जागी येतं ते कूळ: पटले, टेंभरे, कटरे, रहांगडाले, बोपचे, तुरकर, येडे, हरिणखेडे, शरणागत. कुळं छत्तीस असल्याचं सांगतात. प्रत्यक्षात आज तिसाच्या आसपास आढळतात.

आता महाराष्ट्रात या. इथे पारधी ही जमात, आणि त्या जमातीतलं एक मोठं आडनाव पवार. काळे, भोसले, चव्हाण, शिंदे आणि पवार, अशी पारध्यांची घरं नगर-बीड-धाराशिवच्या पट्ट्यात शेकड्यांनी भेटतात. म्हणजे वैनगंगेकाठी पवारांच्यात पारधी हे आडनाव, आणि गोदावरी-भीमेकाठी पारध्यांच्यात पवार हे आडनाव. मराठ्यांत पवार आहेत, बौद्धांत आहेत, धनगरांत आहेत, बंजाऱ्यांच्या तांड्यावर आहेत. एवढ्या भिन्न घरांनी, परस्परांशी सोयरीक तर सोडाच, कित्येकदा पाण्याचाही व्यवहार नसताना, एकच नाव धरून ठेवलं आहे. या नावाच्या माणसांनी मिळून केलेलं काम एका फळीवर मांडलं तर काय दिसतं, हे पाहण्यासाठी वारासिवनीइतकी चांगली जागा मला सुचत नाही. नाव इथे सगळ्यांचं आहे, आणि पाटीवर जवळजवळ कुणाचंच नाही.

लग्नपत्रिका हाती घेतली की ही व्यवस्था स्पष्ट होते. वर पटले, वधू रहांगडाले, मामा बिसेन, निमंत्रक टेंभरे. आणि वर मधोमध, गणपतीच्या शेजारी, बऱ्याचदा राजा भोजाचं छोटं चित्र. पटल्यांची मुलगी पटल्यांत द्यायची नाही, हा नियम पक्का. द्यायची ती पवारांतच, हा नियम त्याहून पक्का होता, आता थोडा सैल झाला आहे. सातारा-पुण्याकडच्या मराठा पवाराच्या घरी याच्या नेमकं उलट चालतं. तिथे पवार हे कूळ, म्हणून पवारांत सोयरीक नाही. एकाच शब्दाने एका ठिकाणी लग्नाचं कुंपण आखलं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी लग्नाची मनाई. नावावरून रक्ताचं नातं ओळखू पाहणाऱ्यांनी इथेच सावध व्हायला हवं.

वैनगंगेचे पवार इथले मूळचे नाहीत, हे ते स्वतःच सांगतात. माळव्यातून, धारेहून आलो, ही घराघरातली कथा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींचे खंड प्रसिद्ध केले, त्यात ही कथा नोंदलेली आहे. आधी रामटेकजवळच्या नगरधनला वस्ती. मग नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर चिमणाजी भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत चाकरी. आणि त्या चाकरीबद्दल वैनगंगेच्या खोऱ्यातली पडीक व जंगलाची जमीन. ही जमीन त्यांनी भाताखाली आणली. पुढे इंग्रजी अमलात, 1867 साली बालाघाट जिल्हा झाल्यानंतर, कर्नल ब्लूमफिल्ड या अधिकाऱ्याने बैहरच्या पठारावर वस्ती वाढवायची ठरवली तेव्हा त्याने खालच्या खोऱ्यातले पवार शेतकरीच वर नेले. धानाची जमीन करणारी माणसं म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं.

धार ते नगरधन हा दुवा मात्र कागदावर सापडत नाही. धारेच्या परमार राजांचा, म्हणजे भोजाच्या घराण्याचा, हात विदर्भापर्यंत पोचला होता, याला दगडी पुरावा आहे. नागपूरच्या संग्रहालयातला विक्रम संवत 1161 चा, म्हणजे 1104-05 च्या सुमाराचा, माळव्याच्या राजांचा संस्कृत शिलालेख प्रसिद्ध आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावलाही परमार जगद्देवाच्या काळचा लेख मिळाला. पण बाराव्या शतकातला तो राजा आणि अठराव्या शतकातला भोसल्यांचा शिलेदार यांच्यामध्ये सहाशे वर्षं मोकळी आहेत. या मोकळ्या जागेत प्रत्येक पिढीने आपापल्या परीने वंशावळ भरली. माझ्या मते ती भरण्याची धडपड समजण्यासारखी आहे, कारण नव्या मुलखात जंगल तोडून बसलेल्या माणसाला मागे उभं राहणारं कुणीतरी लागतं. पण तिच्यापायी दोन गोष्टी मागे पडल्या. भोज हा माणूस नेमका काय करून गेला, हे मिरवणुकीत हरवलं. आणि ज्यांनी धान पिकवलं त्या आजोबा-पणजोबांच्या कामाची नोंद कुणी नीट केली नाही.

भोजाबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे. वसंत पंचमीला वारासिवनी-बालाघाटात त्याची जयंती होते, शोभायात्रा निघते, फेटे बांधले जातात, घोड्यावरचा तलवारधारी राजा फलकावर असतो. अकराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, साधारण 1010 ते 1055, त्याने धारेहून राज्य केलं आणि लढायाही पुष्कळ केल्या. पण त्या लढायांचा आज कुणाला काही उपयोग नाही. त्याच्या नावावरच्या ग्रंथांचा आहे. 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ टी. गणपतिशास्त्री यांनी संपादून 1924-25 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य मालेत छापला. नगररचना, घर, राजवाडा, मंदिर, मूर्ती, चित्र असा त्याचा पसारा, आणि त्यातच एक अध्याय यंत्रांवर. लाकडी बाहुल्या, पाण्यावर चालणाऱ्या करामती, उडणारा लाकडी पक्षी असं बरंच त्यात आहे. हल्ली या अध्यायावरून प्राचीन विमानांच्या गप्पा रंगतात. त्यामुळे उरलेल्या ग्रंथाकडे, म्हणजे घर कुठे बांधावं, भिंत किती जाड असावी, गावाचे रस्ते कसे आखावेत या खऱ्या अभ्यासाकडे कुणाचं लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं. 'शृंगारप्रकाश' हा छत्तीस प्रकाशांचा अवाढव्य साहित्यशास्त्रग्रंथ; व्ही. राघवन यांनी त्याच्या अभ्यासात उभं आयुष्य घातलं. 'सरस्वतीकंठाभरण' याच एका नावाचे दोन ग्रंथ, एक अलंकारशास्त्रावर, दुसरा व्याकरणावर. योगसूत्रांवरची 'राजमार्तंड' वृत्ती. 'राजमृगांक' हे ज्योतिषगणिताचं करण, त्यातल्या गणिताचा आरंभ शके 964, म्हणजे 1042. हे सगळं एका माणसाने एकट्याने बसून लिहिलं असेल का? दरबारातल्या पंडितांचा हात त्यात असणारच. तरी एवढ्या शाखांत काम घडवून आणणारा आणि त्यावर आपलं नाव घालायला धजणारा राजा विरळा.

हे काम डोळ्यांनी पाहायचं तर भोपाळजवळ बेतवेकाठच्या भोजपूरला जावं. तिथलं शिवमंदिर अर्धवट राहिलं. पूर्ण झालेल्या मंदिरातून जे कधीच कळलं नसतं ते त्या अपुरेपणामुळे शिल्लक राहिलं आहे. मोठे दगड वर चढवण्यासाठी रचलेला मातीचा उतार मंदिरामागे अजून आहे. आजूबाजूच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले नकाशे आहेत: खांबांचे छेद, शिखराच्या रेषा, मंदिराचे आराखडे. कागदावर काढावं तसं उघड्या कातळावर काढलेलं. सूत्रधाराने पाथरवटाला समजावताना आखलेली रेषा हजार वर्षांनी आपल्यालाही वाचता येते. जवळच धरणांच्या बांधाचे अवशेष आहेत. टेकड्यांमधल्या फटी बुजवून तिथे अफाट तलाव केलेला होता. पंधराव्या शतकात होशंगशहाने बांध फोडला आणि तळं रिकामं व्हायला वर्षं लागली, असं परंपरा सांगते.

धानाची शेती करणाऱ्या समाजाने मिरवावं ते हे. घोडा आणि तलवार कुठल्याही राजाच्या चित्रात बसते.

भोजानंतर सातशे वर्षांनी मराठे पवार माळव्यात गेले आणि धार-देवासला राज्य करू लागले, हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत आहे. उदाजी, आनंदराव, देवासची तुकोजी-जिवाजी या भावांची दोन गाद्यांची गंमतशीर व्यवस्था, आणि 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडलेले धारचे यशवंतराव. धारची पवार गादी आणि धारचा परमार भोज हा योग इतका जुळून आला की वंश एकच, हे धरूनच चाललं गेलं. देवासचं घराणं मराठी वाचकाला आणखी एका कारणाने लक्षात राहावं. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार 1921 साली तिथे थोरल्या पातीच्या महाराजांचा चिटणीस होता, आणि त्यावर त्याने 1953 साली पुस्तक काढलं. त्याच महाराजांचे पुत्र विक्रमसिंहराव 1947 साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि छत्रपती शहाजी झाले. पवारांचा मुलगा भोसले झाला. आडनाव बदलायला एक दत्तविधान पुरतं.

त्याच कोल्हापुरात पवार नावाने केलेलं सगळ्यात भक्कम काम पुस्तकांचं आहे. 1962 साली शिवाजी विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार. माणूस मुळात इतिहासाचा. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड आणि राजर्षी शाहूंच्या कारकिर्दीची कागदपत्रं त्यांनी छापून काढायला घेतली. दप्तरातला कागद शोधायचा, मोडी वाचायची, तारीख पक्की करायची आणि आपलं मत बाजूला ठेवून तो जसाच्या तसा पुढच्याच्या हाती द्यायचा, हे काम करणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. पण त्यावाचून पुढचं कुणाचंच पुस्तक उभं राहत नाही. डॉ. जयसिंगराव पवार यांचं ताराबाईंवरचं आणि शाहू महाराजांवरचं लेखन, त्यांनी संपादित केलेला राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ, याच पायावर आले. सोलापूरचे गो. मा. पवार तिसरे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्रासाठी त्यांना 2007 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. अस्पृश्यतानिवारणासाठी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढणाऱ्या शिंद्यांना महाराष्ट्र विसरत चालला होता, गो. मां.नी वर्षानुवर्षं कागद गोळा करून त्यांना पुन्हा समोर आणलं. तिघांचंही आडनाव एक असणं हा निव्वळ योगायोग. तिघांचं इमान मात्र एका जातीचं आहे, आणि इथे जात हा शब्द मी कामाच्या अर्थाने वापरतो.

या फळीवर भोजाच्या शेजारी मला ठेवायचं आहे ते दगडू मारुती पवार यांचं पुस्तक. जग त्यांना दया पवार म्हणून ओळखतं. जन्म 1935, नगर जिल्ह्यातलं धामणगाव, महारवाडा. बालपणाचा काही भाग मुंबईत कावाखान्याच्या वस्तीत. 1974 साली 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह आला, 1978 साली 'बलुतं'. 'बलुतं'ची रचना सरळ 'मी'ची नाही. शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया ऐकतो आणि गावातला दगडू सांगतो. एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर बसलेले. मराठीत तोवर आत्मचरित्र म्हणजे यशाची वाट कशी चढलो याची हकिकत, असा प्रघात होता. 'बलुतं'मध्ये लाज आहे, भूक आहे, आईचे कष्ट आहेत, स्वतःच्या घराविषयी आणि समाजाविषयीही न लपवलेलं सत्य आहे. त्यामुळे आपल्याच माणसांचा रागही त्यांना सोसावा लागला. नंतर मराठीत दलित आत्मकथनांची जी लाट आली तिच्या तोंडाशी हे पुस्तक उभं आहे. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाच्या लेखनातही ते होते. चित्रपट लोकांसमोर आला 2000 साली, दया पवार 1996 लाच गेले होते.

ऊर्मिला पवार कोकणच्या. 'आयदान' हे त्यांचं आत्मकथन 2003 चं. आई बांबूच्या बेळांचं आयदान, म्हणजे सुपं-टोपल्या, विणून घर चालवायची, त्यावरून नाव. त्याआधी 1989 साली मीनाक्षी मून यांच्यासोबत त्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या बायकांना गावोगाव शोधून, त्यांच्या ओट्यावर बसून घेतलेल्या मुलाखती. कोल्हापूरच्या पवारांनी दप्तरं उघडली. ज्यांची दप्तरंच नव्हती त्यांच्यासाठी ऊर्मिलाताईंनी माणसांच्या आठवणी उघडल्या. इतिहासाचं काम म्हणून मी दोन्हींना एका मापाने तोलतो. ज. वि. पवार हे 1972 च्या दलित पँथरच्या संस्थापकांपैकी. आंबेडकरोत्तर चळवळीचा इतिहास त्यांनी खंडाखंडांत लिहून काढला, चळवळीतला माणूसच तिचा नोंदकार झाला.

वारासिवनीत भोजाच्या वंशावळीवर पुस्तिका निघतात, स्मरणिका निघतात. त्यांत 'बलुतं'चा उल्लेख असण्याचं कारण नाही, असं कुणी म्हणेल, कारण तो पवार 'आपला' नव्हे. मला हे पटत नाही. सहाशे वर्षांची मोकळी जागा ओलांडून भोज आपला होऊ शकतो, तर आपल्याच काळात, आपल्याच भाषेत लिहिणारा दगडू का नाही? दोन्हीकडे धागा नावाचाच आहे, त्याहून जास्त कशाचा नाही.

नाव लग्नाने येतं तेही पाहा. येवल्याच्या सगुण घराण्यातली अंबू गणपतराव पवारांशी लग्न करून ललिता पवार झाली, आणि ते लग्न सरल्यावरही पडद्यावर नाव तेच राहिलं. 1942 साली एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळा अधू झाला, नायिकेच्या भूमिका गेल्या. तो अधू डोळा घेऊनच तिने पुढची जवळजवळ पाच दशकं काम केलं. खाष्ट सासू आणि 'रामायणा'तली मंथरा सगळ्यांना आठवते. 'अनाडी'तली मिसेस डिसा फार कमी जणांना, जिच्यासाठी तिला फिल्मफेअर मिळालं. क्रिकेटमधला रमेश पोवार, राजकारणातले शरद पवार ही नावं वाचकाच्या ओठांवर आहेतच, त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

पोपटराव पवारांवरही लिहिलं गेलं आहे, पण वैनगंगेच्या खोऱ्यात ते वाचलं जायला हवं. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार, पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण 1989 साली सरपंच झाला. गावाने डोंगरावर चर खणले, चराई थांबवली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं, ऊस-केळी लावायची नाही असं ठरवलं, आणि पावसाळा संपला की गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत पाडली. किती पडलं, किती मुरलं, त्यावर यंदा कोणतं पीक घ्यायचं. गेलेली माणसं परत आली. 2020 साली पोपटरावांना पद्मश्री मिळाली.

बालाघाटात पाऊस याच्या तिपटीहून जास्त. इथली कारागिरी पाणी अडवून धरण्यापेक्षा ते सारख्या उंचीवर उभं करण्यात आहे. धानाचं शेत म्हणजे बांधी. चहूबाजूंनी मातीचा धुरा, आत चिखल, वर वीतभर पाणी. बांधीचा तळ सपाट नसेल तर एका कोपऱ्यात रोप बुडतं आणि दुसऱ्यात सुकतं. वरच्या बांधीतलं पाणी धुऱ्याला खाच पाडून खालच्या बांधीत सोडायचं, तिथून त्याखालच्या. उतारावरच्या अशा पन्नास बांध्या एकामागून एक भरत गेल्या पाहिजेत आणि वरच्या माणसाचं रोप उघडं पडता कामा नये. हे गणित कोणत्याही दुर्बिणीशिवाय, नुसत्या नजरेने आणि कुदळीने बसवलेलं आहे. वर कुठेतरी बोडी, म्हणजे लहान तळं, परतीचा पाऊस दगा देईल त्या पंधरवड्यासाठी राखलेली. आषाढात परहा, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाला की बायका रांगेने उलट्या सरकत रोपं खोवतात, आणि संध्याकाळी सगळं खोरं हिरवं झालेलं असतं. खोऱ्यातले मोठे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगाव बांध त्यांचाच. ते श्रेय त्यांचं त्यांना दिलंच पाहिजे. पण बांध्यांची ही सलग उतरंड बसवण्यात पवार शेतकऱ्यांच्या पिढ्या खपल्या आहेत. याच मातीत चिन्नोर पिकतो, सुवासिक, बारीक दाण्याचा. बालाघाटच्या चिन्नोरला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वारासिवनीच्या कोष्ट्यांच्या हातमागाच्या साडीला ते 2023 साली मिळालं.

भातावर मानांकनाचा शिक्का बसला, पण ज्या बोलीत हे सगळं ज्ञान आहे तिचं काय? पोवारी ही मराठीही नाही आणि हिंदीही नाही. 'आहे'च्या जागी 'से', 'जातो'च्या जागी 'जासू', आणि शेतीचे शब्द थेट झाडीपट्टीतले. जनगणना तिला हिंदीच्या पोटात मोजते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्याने झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट-शिवनी मध्य प्रदेशात राहिले. तोवर सगळ्यांची राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून एकाच कुळातल्या दोन चुलतभावांच्या मुलांपैकी भंडारा-गोंदियाकडचा मराठीत शिकला आणि वारासिवनीचा हिंदीत. सोयरिकी आजही वैनगंगेच्या आणि बावनथडीच्या दोन्ही काठांवर होतात. नवरी गोंदियाची, नवरा वारासिवनीचा, आणि घरात आजीशी बोलायला पोवारी.

अलीकडे पोवारीत कविता लिहिल्या जातात, साहित्य संमेलनं भरतात, मोबाइलवर म्हणी आणि लग्नगीतं फिरतात. हे चांगलं आहे. पण अप्पासाहेबांनी कागदाचं आणि ऊर्मिलाताईंनी आठवणींचं जे केलं ते इथे बांधीचं व्हायचं आहे. धुऱ्याच्या प्रकारांना, मातीच्या जातींना, पाण्याच्या पाळ्यांना, जुन्या धानाच्या वाणांना पोवारीत जे शब्द आहेत ते सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे आहेत. कोणत्या गावची बोडी कुणी खोदली, कोणत्या साली फुटली, तिचं पाणी कोणत्या बांध्यांना कोणत्या क्रमाने मिळायचं, हे त्यांना तोंडपाठ आहे. वारासिवनीच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींकडे मोबाइल आहे, त्यात आवाज नोंदवता येतो. परहा संपला की भाद्रपदात पंधरा-वीस दिवस म्हातारी माणसं ओसरीवर मोकळी असतात. त्या दिवसांत हे काम होऊ शकतं.